नाडी लागत नाही तेव्हा : टाकायासूचा रक्तवाहिनीदाह

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांची तपासणी असते. बाकावर वीस-पंचवीस जणी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि परिचारिका एकीच्या दंडावरचा पट्टा सोडून दुसरीच्या दंडाला बांधत पुढे सरकत असते. असे चित्र डोळ्यांपुढे आणावे की बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातली चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई डावा हात पुढे करते, यंत्र गुरगुरते, पट्टा फुगून सैल होतो आणि पडद्यावर आकड्याऐवजी नुसतीच चुकीची खूण उमटते. परिचारिका पट्टा पुन्हा आवळून बघते, सेल बदलते आणि शेवटी "मशीन परत बिघडली की काय" असे पुटपुटत उजव्या दंडाला पट्टा लावते. आता आकडा येतो : १६८ वर १००. तो नोंदवहीत जातो, रक्तदाबाची गोळी सुरू होते आणि डाव्या हाताचे खापर यंत्राच्या माथी फुटते. यंत्रात मात्र काहीच बिघाड नसतो. त्या दंडात मोजता येण्याइतका रक्तदाबच उरलेला नसतो.

असे ज्या आजारात घडते, त्याला टाकायासू आर्टरायटिस म्हणतात. मराठीत त्याला टाकायासूचा रक्तवाहिनीदाह म्हणता येईल. इथे दाह म्हणजे पोटातली जळजळ नव्हे. जखमेच्या कडा जशा लाल होतात, सुजतात आणि गरम लागतात, तसाच प्रकार रक्तवाहिनीच्या भिंतीत घडतो, त्याला दाह म्हणायचे. रक्तवाहिन्यांच्या दाहाचे आजार बरेच आहेत आणि कोणत्या जाडीच्या वाहिन्या सापडतात, यावरून डॉक्टर त्यांची विभागणी करतात. काही आजार मूत्रपिंड, फुप्फुस आणि नाक-सायनसमधल्या केसाएवढ्या बारीक वाहिन्यांना धरतात. लहान मुलांत होणारा कावासाकीचा आजार मध्यम वाहिन्यांना, विशेषतः हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना धरतो. टाकायासूचा आजार थेट मुळावर येतो. हृदयातून निघणारी महारोहिणी आणि तिच्यापासून मान, हात, मूत्रपिंड व पाय यांच्याकडे जाणारे मोठे फाटे हे त्याचे ठिकाण असते. काही रुग्णांत फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनीही त्यात सापडते.

हा आजार का होतो, याचे पुरते उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच वाहिनीच्या भिंतीला परकी समजून तिच्यात घुसतात, एवढे मात्र दिसते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. एका विशिष्ट जनुकीय गुणाच्या, म्हणजे एचएलए-बी५२ असलेल्या लोकांत तो अधिक आढळतो. तरीही हा काही आईकडून लेकीकडे सरळ उतरणारा आजार नाही आणि संसर्गजन्य तर मुळीच नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगावे लागते.

भिंतीत नेमके काय होते, हे समजायला आपल्याकडचे ठिबक सिंचन उपयोगी पडेल. बोअरचे पाणी जड असले की ठिबकच्या नळ्यांत आतून क्षार धरतात, छिद्रे बुजतात आणि मग आम्ल सोडून नळ्या धुवाव्या लागतात. उतारवयात, मधुमेहात किंवा तंबाखूमुळे रक्तवाहिन्या अरुंद होतात तो प्रकार बराचसा याच जातीचा असतो, कारण तिथे वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी साचत जाते. टाकायासूच्या आजारात साचण्याचा संबंध नसतो, नळीच सुजते. मोठ्या रक्तवाहिनीची भिंत एवढी जाड असते की त्या भिंतीला रक्त पुरवण्यासाठी तिच्या बाहेरच्या थरात वेगळ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. लढाऊ पेशी या वाटेने भिंतीत शिरतात आणि बाहेरून आत सरकत जातात. भिंत जाड होते, आतली पोकळी आकसते आणि पुढे दाह शमला तरी जखमेच्या वणासारखा कडक भाग मागे राहतो. काही ठिकाणी उलट घडते. भिंत कमकुवत होऊन फुग्यासारखी बाहेर येते आणि तिथे वाहिनी फुटण्याचा धोका असतो. चरबी विरघळवण्याचे कोणतेही घरगुती उपाय इथे लागू का पडत नाहीत, हे यावरून लक्षात यावे. विरघळण्यासारखे तिथे काही साचलेलेच नसते.

नावाची हकिकतही सांगण्यासारखी आहे. मिकितो टाकायासू हे जपानमधील कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ होते. हृदयाशी किंवा रक्तवाहिन्यांशी त्यांचा धंदा म्हणून संबंध नव्हता. १९०८ साली त्यांनी विशीतल्या एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर दिसलेल्या विचित्र रक्तवाहिन्यांचे वर्णन आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडले. त्या वाहिन्या एकमेकींना जोडल्या जाऊन हारासारखे वेटोळे करून होत्या. त्यावर ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनी सांगितले की आपल्याकडेही असेच डोळ्यांचे रुग्ण आहेत आणि त्यांच्या मनगटाची नाडी लागत नाही. डोळा आणि मनगट यांचा दुवा मानेच्या खाली होता. डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या मुळाशीच अरुंद झाल्या होत्या. हाताला रक्त कमी पडले म्हणून नाडी हरवली आणि डोळ्याला कमी पडले म्हणून पडद्याने वाट काढण्यासाठी नव्या जोडण्या तयार केल्या. पुढे १९५१ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी या आजाराला 'नाडीविना रोग' या अर्थाचे नाव दिले आणि इंग्रजी पुस्तकांत 'पल्सलेस डिसीज' म्हणून ते रुळले. मला हे नाव टाकायासूंच्या नावापेक्षा अधिक कामाचे वाटते, कारण रोग कुठे शोधायचा हे त्या नावातच सांगितलेले आहे.

जगभर दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक-दोन नवे रुग्ण, असे या आजाराचे प्रमाण मानले जाते. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. तेव्हा या ढोबळ हिशेबाने आठ जिल्ह्यांत मिळून वर्षाला वीस-चाळीस नवे रुग्ण निघावेत. हा हिशेब कागदावरचा आहे. पण गावातल्या डॉक्टरला आयुष्यात असा एखादाच रुग्ण का भेटतो आणि त्या एकाला तो का ओळखत नाही, हे त्यावरून समजते. रुग्णांत स्त्रिया फार अधिक असतात आणि सुरुवात बहुधा पंधरा ते चाळीस या वयात होते. आशियात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसतो. जपानी आणि भारतीय रुग्णांतही एक फरक आहे. जपानमध्ये छातीतली महारोहिणी आणि मान-हातांचे फाटे अधिक सापडतात, तर आपल्याकडे पोटातली महारोहिणी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या वाहिन्या. म्हणून भारतीय रुग्ण पुष्कळदा हरवलेल्या नाडीची तक्रार घेऊन येतच नाही. तो येतो रक्तदाब घेऊन.

सुरुवातीची लक्षणे तर कोणत्याही आजाराची असावीत अशी असतात. अंगात कणकण राहते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, जेवण जात नाही, रात्री घाम येतो, सांधे दुखतात. तरुण बाई, बारीक ताप, उतरलेले वजन एवढे ऐकले की आपल्याकडे पहिला विचार क्षयाचा येतो आणि तो यावाही, कारण क्षय इथे खरोखरच पुष्कळ आहे. प्रश्न पुढे निर्माण होतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत, छातीचा फोटो साफ असतो, तरी गोळ्या सुरू होतात आणि काही महिन्यांनी ताप आपोआप कमी होतो, कारण दाहाचा पहिला भर ओसरलेला असतो. औषध लागू पडले असे सगळ्यांनाच वाटते. टाकायासूच्या रुग्णांत क्षयाची त्वचा-चाचणी पुष्कळदा सकारात्मक येते, म्हणून या दोन रोगांचे काही आतले नाते असावे असा संशय भारतात जुना आहे. पण क्षयामुळेच हा आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही.

वाहिन्या अरुंद होऊ लागल्या की तक्रारी बदलतात आणि त्या कामाच्या वेळी जाणवू लागतात. भाकरी थापताना चार-पाच भाकरींनंतर हात भरून येतो, थोडा वेळ थांबले की बरे वाटते आणि पुन्हा थापायला घेतले की पुन्हा तेच. दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर धरवत नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा कोयत्याचा हात दुपारपर्यंत गळून जातो आणि तो कष्टाने गळाला असेच सगळे समजतात, कारण मोळ्या वाहून कोणाचा हात गळत नाही? फरक ओळखायची एक खूण आहे. कष्टाने दुखणारा स्नायू दुसऱ्या दिवशीही दुखतो आणि दाबला तर ठणकतो. रक्ताअभावी दुखणारा हात काम थांबवताच काही मिनिटांत शांत होतो. शिवाय दोन्ही हातांनी सारखेच काम केले तरी दुखतो एकच. तोच हात दुसऱ्यापेक्षा गार लागतो. मान वर करून वर बघताना चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, मानेच्या एका बाजूला शिरेवर दाबल्यावर दुखणे, या खुणाही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

आता रक्तदाबाकडे येऊ, कारण आपल्या भागातल्या रुग्णांचे बरेचसे भवितव्य तिथेच ठरते. मूत्रपिंडाकडे जाणारी वाहिनी अरुंद झाली तर सगळ्या शरीराचा रक्तदाब का वाढतो? जायकवाडीच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे 'टेल' म्हणतात, ज्याची जमीन आहे त्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. त्याची चारी गाळाने अरुंद झाली आहे आणि त्याच्या शेतात पाणी पोचत नाही. तो तक्रार करतो की कालव्यालाच पाणी कमी सोडले आहे. तक्रार ऐकून वरून विसर्ग वाढवला जातो, मधल्या सगळ्या शेतांत पाणी तुंबते, आणि याची चारी अरुंद ती अरुंदच. मूत्रपिंड असेच वागते. आपल्याला रक्त कमी मिळते याचा अर्थ शरीराचा रक्तदाबच कमी झाला, असे समजून ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यातून पुढची साखळी सुरू होऊन सर्व वाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी शरीरात धरून ठेवले जाते आणि रक्तदाब चढतो. पंचविशीतल्या माणसाला १७०-१८० रक्तदाब सापडला, तर त्याला ताणतणाव किंवा मिठाचे प्रमाण यांवर सोडून देऊ नये. भारतात तरुण वयात मूत्रपिंडाच्या वाहिनीमुळे होणाऱ्या उच्च रक्तदाबाचे टाकायासू हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरी अडचण याहून अवघड आहे आणि माझ्या मते या आजारातली सर्वांत फसवी गोष्ट तीच आहे. दोन्ही हातांकडे जाणाऱ्या वाहिन्या अरुंद असतील, तर दोन्ही दंडांवर रक्तदाब कमी येतो, समजा ९० वर ६०. रुग्णाला अशक्त म्हणून सलाईन लावले जाते, मीठ-साखरेचे पाणी पाजले जाते. पण हा आकडा अरुंद जागेच्या पलीकडचा असतो. अरुंद जागेच्या अलीकडे, म्हणजे हृदयाजवळच्या महारोहिणीत, रक्तदाब १९० असू शकतो. तो हृदयाला थकवत असतो, मेंदूतली वाहिनी फोडण्याच्या बेतात असतो आणि दंडावरचा पट्टा त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. अशा रुग्णाचा रक्तदाब मांडीवर किंवा पोटरीवर मोजावा लागतो. निरोगी माणसात पायातला वरचा रक्तदाब हातातल्यापेक्षा थोडा अधिकच असतो. पाय हातापेक्षा फार पुढे गेला, तर हाताची वाट अरुंद आहे असे समजावे. हातात रक्तदाब जास्त आणि पायात कमी आला, तर महारोहिणीतच अडथळा असू शकतो. पायांच्या वाटाही बंद असल्या, तर महारोहिणीत थेट नळी घालून मोजण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

म्हणून चाळिशीच्या आतल्या कोणालाही रक्तदाब निघाला, सतत चक्कर येत राहिली किंवा एकच हात कामात गळू लागला, तर दोन्ही हातांच्या आणि दोन्ही पायांच्या नाड्या बघाव्यात आणि दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजावा. याला पैसे पडत नाहीत, पाच मिनिटे लागतात. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० मध्ये ठरवलेल्या निकषांत दोन दंडांतील १० पेक्षा अधिक फरक ही एक खूण होती. २०२२ च्या सुधारित निकषांत ती मर्यादा २० करण्यात आली. दहा-बाराचा फरक पुष्कळ निरोगी लोकांतही आढळतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. पण वीसच्या पुढचा फरक दुसऱ्यांदा, नीट बसवून, पट्टा बरोबर बांधून मोजल्यावरही कायम राहिला, तर यंत्राला दोष देणे थांबवावे. डॉक्टर यासोबत स्टेथोस्कोप गळपट्टीच्या हाडावर, मानेवर आणि बेंबीच्या आजूबाजूला ठेवून ऐकतात. अरुंद वाटेतून जोराने जाणारे रक्त तिथे 'सूं सूं' असा आवाज करते.

संशय पक्का झाला की पुढची तपासणी मोठ्या गावी होते. डॉपलर सोनोग्राफीत मानेच्या वाहिनीची जाडसर, सर्व बाजूंनी सारखी सुजलेली भिंत दिसते. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत महारोहिणीचा संपूर्ण नकाशा मिळतो आणि कुठे अरुंद, कुठे फुगलेली, कुठे बंद, हे एका दृष्टिक्षेपात कळते. २०२२ च्या निकषांनुसार अशा चित्राशिवाय या आजाराचे वर्गीकरण होतच नाही. रक्तातील ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे मापक असले तरी त्यांच्यावर सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही, कारण ते दोन्ही सरळ असतानाही भिंतीत दाह चालू असू शकतो. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून 'आजार गेला' असे कोणी म्हणाले, तर रुग्णाने अँजिओग्राफीची किंवा डॉपलरची तुलना मागावी. रोग किती सक्रिय आहे हे ठरवण्यासाठी भारतीय डॉक्टरांनी २०१० मध्ये एक गुणपद्धती तयार केली. 'आयटास २०१०' या नावाने ती ओळखली जाते आणि तिचा भर रुग्णाची नाडी, आवाज व तक्रारी यांत गेल्या तीन महिन्यांत काय बदलले, यावर आहे.

उपचार संधिवाताचे डॉक्टर करतात, याचे रुग्णांना नेहमी आश्चर्य वाटते. "माझे गुडघे चांगले आहेत, मला वाताच्या डॉक्टरकडे कशाला पाठवता?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचे बहुतेक आजार या शाखेकडे येतात, एवढेच त्याचे उत्तर. पहिले औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. सुरुवातीला वजनाच्या दर किलोला साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देऊन ती अनेक महिन्यांत पायरी-पायरीने उतरवली जाते. या औषधाने भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर वाढू शकते, हाडे ठिसूळ होतात. चेहरा सुजला म्हणून घरचे लोक गोळ्या बंद करतात, आणि धोका खरा तिथे असतो. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराने स्वतःचे तयार करणे थांबवलेले असते. गोळी एकाएकी बंद झाली तर रक्तदाब कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो आणि दाहही उसळून येतो. कोठल्यातरी वैदूकडून मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीने 'चमत्कार' झाला, तर त्या पुडीत बहुधा हेच औषध बेहिशेबी मात्रेत मिसळलेले असते. तेवढ्या काळात रोग दबतो, ओळखू येत नाही आणि वाहिनी आतून आकसत राहते.

स्टेरॉइड कमी करता यावे म्हणून सोबत दुसरे औषध देतात. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफिनोलेट यांपैकी एक. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्याने रक्तपेशी घटून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकात ठाऊक आहेत. म्हणून गावच्या आठवडी बाजाराचा वार गोळीचा वार ठरवून घ्यावा. बाजार चुकत नाही, तशी गोळीही चुकत नाही आणि दोनदाही घेतली जात नाही. ही औषधे जुनी आणि परवडणारी आहेत. त्यांनी रोग आवरला नाही तर टोसिलिझुमॅब किंवा टीएनएफ (दाह भडकवणारे शरीरातलेच एक द्रव्य) रोखणारी इंजेक्शने देतात. ती बरीच महाग आहेत आणि देण्यापूर्वी शरीरात दडलेला क्षय तपासून घ्यावा लागतो. अरुंद वाहिनीत फुगा घालून ती रुंद करण्याची किंवा शस्त्रक्रियेने पर्यायी वाट जोडण्याची वेळ काही रुग्णांवर येते. भिंत पेटलेली असताना हे केले तर जागा पुन्हा आकसते. म्हणून तातडी नसेल तर आधी दाह शमवतात. रक्तदाबाच्या गोळ्यांतही पारख लागते. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या गोळ्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वाहिन्या अरुंद असताना घेतल्या तर मूत्रपिंडाचे काम खालावू शकते. शेजारणीला चांगली लागू पडलेली गोळी इथे चालत नाही.

बहुतेक रुग्ण लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयाच्या असल्यामुळे पुढचा प्रश्न उघडच आहे. हा आजार असताना मूल होऊ शकते आणि अनेकींना होते. दाह शांत असताना, रक्तदाब ताब्यात असताना आणि औषधे आधीच बदलून घेऊन गर्भ राहिला, तर बरे. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफिनोलेट गर्भाला घातक आहेत, ती काही महिने अगोदर थांबवावी लागतात. अझाथायोप्रिन आणि कमी मात्रेतले प्रेडनिसोलोन बहुधा चालू ठेवता येते. सोयरीक जुळवताना आजार लपवावा असे घरच्यांना वाटते, हे मी समजू शकतो. पण लपवलेला आजार म्हणजे लपवून घेतलेल्या गोळ्या, आणि लपवून घेतलेल्या गोळ्या गर्भ राहिल्यावर कोणाला विचारून बदलायच्या, हा प्रश्न त्या मुलीवर एकटीवर येऊन पडतो.

राहिला प्रश्न स्थलांतराचा. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागता-लागता परततात. पाच-सहा महिने तोच डॉक्टर, तेच केंद्र मिळत नाही. निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या, मेथोट्रेक्सेट चालू असेल तर रक्तपेशी व यकृताच्या तपासणीची तारीख आणि अँजिओग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, कोरड्या जागी टांगावी. कारखान्याजवळच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर सवयीने पहिल्यांदा डाव्या दंडालाच पट्टा बांधणार आहे. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर, नावाच्याही वर, लाल शाईने आपल्यापुरते लिहून घ्यावे, उदाहरणार्थ : 'डाव्या हातात रक्तदाब लागत नाही. उजव्या पायात मोजणे.'